हलीमाआपांचे दोन हात

हलीमाआपा कुणालाही "पाहिजे का?" असं विचारायच्या नाहीत. चहा असो, परकर असो, नाहीतर अंघोळीचं पाणी असो. त्या समोर उभ्या राहायच्या, दोन हातांत दोन वस्तू धरायच्या आणि म्हणायच्या, "हे का हे?" मग थांबायच्या. त्यांच्या या थांबण्याचा मला फार जाच व्हायचा. तीस माणसांच्या अंघोळी, नाश्ता, औषधं साडेनऊपर्यंत उरकायची, असा क्रम मी फळ्यावर लिहून ठेवलेला. आणि आपा मात्र पावणेदहाला एकाच बाईसमोर निळा परकर आणि हिरवा परकर धरून उभ्या.

"आपा, द्या ना कुठला तरी."

"कुठला तरी तर तुम्ही पन घालत न्हाई, म्याडम."

आमची संस्था लातूरच्या बाहेर, औसा रोडला होती. भूकंपानंतर दीड-दोन वर्षांनी सुरू झालेली. वयानं वाढलेली पण स्वतःचं स्वतः बघू न शकणारी माणसं गावोगाव होतीच. आईबाप त्यांना सांभाळत होते. त्या पहाटे आईबापच गेले आणि ही माणसं पत्र्याच्या शेडांमध्ये उघडी पडली. कुणी वाटेला लागली, कुणाला कुणीतरी कामाला जुंपलं. त्यांच्यातली जी सापडली ती आमच्याकडे आली. मी अधीक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा इमारतीला रंगही नव्हता. पहिल्या आठवड्यात मी तीन याद्या केल्या, त्यातली एक होती भरतीची. हलीमाआपा त्या यादीतल्या सातव्या उमेदवार.

"शिक्षण?"

"चौथी."

"अनुभव?"

"बांगड्या भरायचा."

"इथं बांगड्या नाही भरायच्या, बाई."

"ठाव हाय. पन म्याडम, तुमचा हात सव्वादोनचा हाय आन् तुम्ही अडीचची बांगडी घालून राहिल्या. कोन्या मनियारानं फसवलं तुम्हाला?"

मी त्यांना घेतलं ते त्या उत्तरासाठी नाही. बाकीच्या सहा जणींनी कामाच्या वेळा विचारल्या होत्या. आपांनी विचारलं, "संडासाला कडी हाय का?"

त्या औशाच्या मनियार घराण्यातल्या. नवरा लवकर गेला. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन त्या आसपासच्या गावांना बाजाराच्या दिवशी जायच्या. भूकंपानंतर त्या गावांत बांगडी भरायला हात पुढे येईना, तेव्हा पाटी ठेवली आणि इकडे आल्या. दोन वस्तूंची सवय त्याच धंद्यातली. बाईला "घेता का?" विचारलं की ती सासूकडे बघून नको म्हणते, किंवा भिडेखातर हो म्हणते. दोन जोड समोर धरले की नजर एकावर जाते. "नजरंला भीड नसती," असं त्या सांगायच्या. मिश्रीची डबी कमरेला. विचारात पडल्या की बोट डबीत जायचं, आणि बोट दातांवर फिरत असेपर्यंत त्यांना कुणी काही विचारायचं नाही, हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

आमच्याकडे येणारे पाहुणे राहणाऱ्यांना 'लेकरं' म्हणायचे. आम्हीही म्हणायचो. आपा शिवरामराव म्हणायच्या, गोदाबाई म्हणायच्या. न्हाणीचं दार बाहेरून वाजवायच्या, आतलं माणूस मुकं असलं तरी. वाजवायचं, दहा आकडे मोजायचे, मग आत. शिवरामरावांना ऐकूच यायचं नाही. मी म्हटलं, "आपा, त्यांना कसं कळणार तुम्ही वाजवलं ते?"

"त्येंला न्हाई कळत. मला कळतं ना."

सुगंधा आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. भूकंपात आईबाप गेले, ती ढिगाऱ्याखालून निघाली. नंतर शेडांमधून इकडून तिकडे फिरत आमच्यापर्यंत पोचली. गुणी. जेवलीस का? हाव. झोप लागली का? हाव. सगळ्यात समाधानी कोण असं मला विचारलं असतं, तर मी तिचं नाव सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी आपा ऑफिसात आल्या. बोट दातांवर.

"म्याडम, मी सुगंधाबाईला म्हनलं, पोट दुखतं का. म्हनली हाव. म्हनलं, पोट दुखत न्हाई ना. म्हनली हाव."

"मग?"

"मग काय. ह्या बाईचा हाव म्हंजी दार लावून घेनं हाय."

हळूहळू उलगडलं. शेडांमध्ये महिनेन्‌महिने कागद घेतलेली माणसं यायची आणि विचारायची. घर पडलं का, कुणी गेलं का, दुखतं का, मिळालं का. हाव म्हटलं की माणूस लिहून पुढे जायचं. नाही म्हटलं की बसायचं आणि आणखी विचारायचं. सुगंधा तेवढंच शिकली होती. तिला काही विचारायचं तर दोन हातांनीच विचारायचं, एवढं आम्हाला पाठ झालं. म्हणजे मी ते ऐकलं आणि बाकीच्यांनी पाठ केलं.

लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पीक आलं होतं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो. एकदा एका क्लासचे सर वाढदिवसाचा शिरा घेऊन आले, सोबत फोटोग्राफर. सुगंधाच्या हातात द्रोण दिला आणि सरांनी वाकून विचारलं, "आवडला ना बाळा?"

"हाव."

फोटो निघाला. तेवढ्यात आपा एका हातात शिऱ्याचा द्रोण आणि दुसऱ्या हातात पिठलं-भाकरीची ताटली घेऊन मध्ये शिरल्या. सुगंधानं सरांचा द्रोण त्यांच्याच हातात परत दिला आणि ताटली घेतली. मागून गोदाबाईनं दिला, मग शिवरामरावांनी. सर सहा द्रोण छातीशी धरून उभे. फोटोग्राफरनं तोही फोटो काढला.

मी आपांना आत बोलावून झापलं. "लोक प्रेमानं आणतात, आपा."

"आनू द्या की. पन पिठलं पन असू द्या."

अशी दहाएक वर्षं गेली. मग वरून सूचना आली, की ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना घरी पाठवायचं. माणसानं माणसांत राहावं, संस्थेत नाही. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. मी आठवडाभर बसून त्यासाठी एक फॉर्म बनवला. बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन, खाली अंगठा, माझी सही, कर्मचाऱ्यांच्या हरकतीची ओळ. जिल्ह्याच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं, दुसऱ्या संस्थांनी प्रती नेल्या. मी तो आपांना वाचून दाखवला.

त्या म्हणाल्या, "ह्यात तर नुस्तं हाव म्हनायचंच काम हाय."

"आपा, कागदाला थांबायला वेळ नसतो."

हे वाक्य मी बोलले आहे. तेव्हा ते मला हुशारीचंही वाटलं होतं.

सुगंधाला एक मोठी बहीण होती, कमल, मुखेडला दिलेली. तिचा नवरा व्यंकट एक दिवस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. इतकी वर्षं जमलं नाही, आता मुलं मोठी झाली, घरात जागा आहे, कमल रोज बहिणीची आठवण काढते. त्यानं रेशनकार्ड आणलं होतं, सरपंचाचा दाखला आणला होता, लग्नातला फोटो आणला होता. माझ्या यादीतला एकही कागद कमी नव्हता. असा माणूस कधी भेटत नाही, असं मला वाटलं.

मी सुगंधाला खुर्चीवर बसवलं आणि फॉर्म समोर घेतला.

"बहिणीकडं जायचं का?"

"हाव."

"दाजी चांगले आहेत ना?"

"हाव."

"स्वखुशीनं जातेस ना?"

"हाव."

मला तिचा हाव ठाऊक नव्हता असं नाही. पण त्या दिवशी प्रत्येक हावला एक चौकोन होता, आणि चौकोन भरत जाताना बरं वाटत होतं.

आपा दारात उभ्या होत्या. "म्याडम, मला येक डाव इचारू द्या." व्यंकट घड्याळ बघत म्हणाला, "बाराची मुखेड गाडी हाय, म्याडम." आपा आत गेल्या आणि एका हातात सुगंधाची भरलेली पिशवी, दुसऱ्या हातात तिचं रोजचं ताट घेऊन आल्या. "सुगंधाबाई. हे का हे?"

सुगंधा ताटाकडे बघत राहिली. बराच वेळ.

"जेवायची वेळ झालीय, आपा," मी म्हटलं. "भुकेनं बघतेय ती."

आपांनी ताट खाली ठेवलं आणि तिची वेणी सोडून पुन्हा घातली, घट्ट. हरकतीच्या ओळीपुढे काय लिहावं? ताटाकडे बघितलं, असं लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं, 'हरकत नाही'.

तीन महिन्यांनी भेट देऊन बघायचं, हेही माझ्याच नियमात होतं. मधल्या काळात व्यंकटला फोन केला की तो "मजेत हाय" म्हणायचा. ठरल्या दिवशी मी आणि आपा एस.टी.नं मुखेडला गेलो. कमल एकटीच ओट्यावर तूर पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"सुगंधा कुठाय?"

"नांदेडला. ह्येंच्या मेसमधी."

"तिला तर इथं ठेवणार होता तुम्ही."

"मला कुठं कुनी इचारलं, बाई." मग दाण्यातले खडे वेचत म्हणाली, "तिच्यासाठी लुगडं आनून ठिवलं व्हतं मी. अजून घडी मोडली न्हाई."

आम्ही तसेच नांदेडला गेलो. शिकवण्यांच्या गल्लीमागे व्यंकटचं तीन मजली हॉस्टेल. हदगावकडची, किनवटकडची पोरं. खाली मेस. मागच्या नळावर सुगंधा पातेली घासत बसली होती. केस कानापर्यंत कापलेले. आपांनी आधी तिचे हात हातात घेतले. सोड्यानं बोटांची टोकं फाटली होती, मनगटावर तव्याचा जुना डाग होता. आपांनी ते हात उलटेसुलटे केले, जसे गिऱ्हाइकाचं माप घेताना करायच्या, आणि सोडलेच नाहीत. ती निजायची कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. कडी बाहेरून.

"बाहेरनं लावता?" मी विचारलं.

"हरवली तर, म्याडम? तुम्हीच माझ्या नावानं वरडाल," व्यंकट म्हणाला. तो ओरडत नव्हता, चिडलाही नव्हता. त्यानं आमच्यासाठी चहा सांगितला. "घरचं मानूस हाय. घरातलं मानूस काम करत न्हाई का? तुमच्याकडं नुस्ती बसून व्हती."

मी म्हटलं, आम्ही तिला परत नेतो. तो आत गेला आणि फॉर्मची प्रत घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली. बावीस खुणा, अंगठा, सही.

"तुमचीच हाय ना, म्याडम?"

त्यानंतरचे महिने मी जे करू शकत होते ते केलं. अर्ज केले, आठवणीचे अर्ज केले, वकिलांना भेटले. पोलिसांनी बाई सज्ञान आहे म्हटलं. वकील म्हणाले, जवळचं नातं बहिणीचं, आणि बहीण नवऱ्याविरुद्ध बोलत नाही. शेवटी नांदेडच्या कचेरीत सगळ्यांना समोरासमोर बोलावलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सुगंधाला पाणी दिलं, पंखा लावला, हळू आवाजात विचारलं.

"दाजीकडं राहायचंय का?"

"हाव."

"संस्थेत जायचंय का?"

"हाव."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मी काय लिहू, बाई?"

आपा पुढे झाल्या. एका हातात सुगंधाची आमच्याकडे राहिलेली शाल, दुसऱ्या हातात मेसमधून उचललेली तारेची घासणी. साहेब हसले. "अहो, असं विचारायचं म्हणजे तुम्हीच उत्तर सांगितलं की."

आपांनी दोन्ही खाली ठेवलं. ते त्यांना पटलं असावं. मग त्यांनी मला खोलीच्या एका बाजूला उभं केलं, व्यंकटला दुसऱ्या बाजूला, आणि आपण मध्ये. "सुगंधाबाई, कुनाकडं? हात करा." आणि थांबल्या. पंखा फिरत होता. सुगंधानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि फरशीकडे बघत बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. साहेबांचा शिपाई दोनदा डोकावून गेला.

आपा म्हणाल्या, "साहेब, बांगड्या भरताना बाईनं हात पदराखाली घेतला, की समजायचं मागं कुनीतरी उभं हाय. हे उत्तरच हाय तिचं."

"मला कळतंय," साहेब म्हणाले. "पण हे मला लिहिता येत नाही."

त्यांनी लिहिलं, की सदर महिला नातेवाइकांकडे राहत असून तिची तक्रार नाही, दर सहा महिन्यांनी पाहणी व्हावी. व्यंकटनं सगळ्यांना नमस्कार केला आणि सुगंधाला घेऊन गेला. जाताना ती आपांच्या जवळून गेली. थांबली नाही.

परतीच्या गाडीत आपांचं बोट डबीत गेलं नाही. डबी कमरेलाच होती. मीच बोलत होते. आता वर अपील करू, नवा फॉर्म करू, त्यात होय-नाही ठेवायचंच नाही.

"करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिवत ऱ्हावा."

आठ दिवसांनी त्यांचा राजीनामा टेबलावर होता, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कारण, घरगुती.

"आपा, घरी कोण आहे तुमच्या?"

"हाय की," म्हणाल्या, आणि चाव्यांचा जुडगा ठेवून गेल्या. त्या दिवशी पुढच्या पाळीत कोण, याची मी जुळवाजुळव करत होते. त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले नाही.

सहा महिन्यांनी पाहणीसाठी मी एकटी नांदेडला गेले. हॉस्टेलवर चौथा मजला चढत होता. मेसमध्ये मुलं ताटं घेऊन रांगेत होती, एका हातात वही, ओठ हलत होते. मी मागच्या दारानं गेले. नळावर हलीमाआपा बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पुढ्यात पातेल्यांचा ढीग. सुगंधा पलीकडे उन्हात पोत्यावर बसून भाकरी खात होती. केस मानेपर्यंत वाढले होते, तेल लावलेलं होतं.

"तुम्ही इथं?"

"काम मागितलं, दिलं."

"त्यानं ओळखलं नाही?"

"ओळखलं की. म्हनला, आपा, तुम्ही? म्हनलं, मीच. दोन जेवनं आन् कोठीत निजायला जागा. दोन बाया अशा मिळाल्या तर कोन नको म्हनंल?" त्यांनी हातातलं पातेलं विसळलं. "तिचं काम मी करून राहिले. त्येला काय, भांडी निघाल्याशी मतलब. कडी आता आम्ही दोघी आतून लावतो."

मी सुगंधाजवळ गेले. बोटं भरून आली होती. तव्याचा डाग मात्र तसाच होता.

मी आपांना म्हटलं, अपील अजून पडून आहे, तारीख मिळाली नाही. त्यांच्या गुडघ्यांचं काय, त्यांना साठावं चालू आहे, असं किती दिवस चालणार, हे सगळं मी बोलले. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तुम्हाला तर कुणी अडवू शकत नाही."

"मला न्हाई अडवत," त्या म्हणाल्या. "तिला अडवतंय."

मी पदर खोचून भाताची एक डेग ओढायला गेले. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुमची गाडी जाईल. आन् पान्यात पाय नका ठिवू, शेवाळ हाय."

आत घंटा झाली. दुसरी पाळी जेवायला आली आणि खिडकीतून ताटांची चळत नळापाशी सरकवली गेली, वर अजून एक. माझ्याकडच्या पाहणीच्या कागदावर सही करायला व्यंकट मागच्या दारात आला, हसून म्हणाला, "बघा म्याडम, आता तर मैत्रीन पन हाय तिला." मी त्याची सही घेतली.

फाटकाशी येऊन मी मागे बघितलं. ती डेग मोठी होती, कमरेएवढी. तिचा तळ घासायला हलीमाआपा खांद्यापर्यंत आत वाकल्या होत्या. बाहेर फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ओल्या साडीतून ती वरखाली होत होती.